टाकी अर्धी का व्हायची

गडमुडशिंगीच्या बाबासो मगदूमला दुसऱ्यानं केलेलं काम पटत नाही. नळाचा वॉशर असो, गोठ्यातला पंखा असो की मंदिरातल्या घंटेची साखळी असो, दुसऱ्यानं बसवलेली वस्तू दिसली की तो ती आधी खोलून बघतो, नाक मुरडतो आणि बहुतेक वेळा होती तशीच परत बसवतो. वय चौसष्ट. अंगानं सडपातळ. दोन एकर ऊस, तीन म्हशी आणि बोटांच्या पेरांत कायमचं बसलेलं काळं ग्रीस. त्याची बायको राजमती सांगते की लग्नात अंतरपाट सरला तेव्हा यानं आधी तिच्याकडं नाही, मांडवाच्या खांबाला मारलेल्या गाठीकडं बघितलं. पाहुण्यारावळ्यांत ही गोष्ट तिनं इतक्यांदा सांगितलीय की आता खुद्द बाबासोलाही ती गाठ आठवते.

अशा माणसाच्या गोठ्याशेजारी एक पिकअप दीड वर्ष उभी होती. मूळ रंग पांढरा, पण तो आता दोन दारांच्या मध्यापुरताच उरला होता. खालच्या अंगानं गंज असा चढला होता की ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा हातानं मोडता येत होता, पापडासारखा. हौद्याच्या कोपऱ्यात गवत उगवलं होतं. मुलगा सम्मेद कागलच्या एमआयडीसीत सुपरवायझर, त्याचं म्हणणं सरळ होतं: गाडी भंगारात घाला, जागा मोकळी करा, तिथं माझी मोटारसायकल सावलीला राहील. निदान गॅरेजला तरी टाका, असं सून म्हणाली. गॅरेजवाला आत काय करतो ते आपल्याला दिसतं का, असं बाबासोनं विचारलं आणि विषय संपवला. शेवटी दसऱ्यापर्यंतची मुदत ठरली. दसऱ्याला गाडी आपल्या पायानं दारातून बाहेर पडली तर राहील, नाहीतर भंगारवाला येईल.

घरच्यांना वाटत होतं की म्हातारा हट्टाला पेटलाय. हट्ट तर होताच. पण या गाडीत आणखी एका माणसाचं काहीतरी अडकलं होतं, आणि ते घरात फक्त राजमतीला माहीत होतं.

गाडी मुळात दोघांची. सतरा वर्षांपूर्वी बाबासो मगदूम आणि पिराजी संकपाळ यांनी ती निम्म्या-निम्म्या भागीत घेतली. पिराजी पक्का ड्रायव्हर, मिसरूड फुटायच्या आधीपासून ट्रकवर. बाबासोला गाडी चालवण्यापेक्षा ती सांभाळण्यात गोडी. पहाटे भाजी घेऊन कोल्हापुरात, गुळाच्या दिवसांत ढेपा घेऊन शाहूपुरीत, चैत्रात गावची माणसं भरून जोतिबाला. पिराजीचा हात स्टेअरिंगवर आणि बाबासोचा डोळा बाकी सगळ्यावर. दोघांच्या जाती वेगळ्या, देव वेगळे, पण एकाच डब्यातून जेवायचे. बाबासोला सूर्य मावळल्यावर जेवायचं नसतं म्हणून पिराजी रस्त्याकडेला गाडी लावून त्याला म्हणायचा, आटप, दिवस गेला.

भांडण लागलं ते डिझेलवरून. पिराजीला टाकी काठोकाठ भरायची सवय. अर्ध्या टाकीवर गाडी हाणणं म्हणजे अर्ध्या पोटी नांगर धरणं, असं तो म्हणायचा. बाबासो भरायला गेला की मोजून दहा लिटर. आणि बाबासोच्या लक्षात यायला लागलं की आपण भरलेलं पुरतं, पिराजीनं भरलेलं पुरत नाही. त्यानं बांबूची एक कामटी तासली, तिच्यावर चाकूनं खुणा केल्या आणि रोज सकाळी टाकीत बुडवून बघायला लागला. तीन आठवडे बघितलं. पिराजीनं टाकी भरली की एका खेपेत ती अर्ध्यावर. बाबासोनं भरली की जेवढं चालली तेवढंच कमी.

पिराजीला बाजूला घेऊन विचारता आलं असतं. पण बाबासोनं हे बोलून टाकलं ते दूध संस्थेत, सकाळच्या गर्दीत, किटल्या घेऊन आलेल्या तीस-चाळीस माणसांपुढं.

"काठी टाकून बघितलंय," तो म्हणाला. "पिराजीनं टाकी फुल्ल केली की दुसऱ्या दिशी अर्धी. वरचं डिझेल जातंय कुठं, ते पिराजीलाच ठावं."

पिराजी तिथंच होता. त्यानं किटली खाली ठेवली. जोतिबाच्या पायरीवर हात ठेवून सांगतो, थेंब काढला न्हाय, असं तो म्हणाला. त्याच्यासारख्या माणसाला याहून मोठा पुरावा जगात नव्हता. चल म्हटलं असतं तर तो तसाच अनवाणी डोंगर चढला असता.

बाबासो म्हणाला, "आण माणूस घेतो. काठी आण घेत न्हाय, आन् खोटं बी बोलत न्हाय."

पिराजीनं कमरेची किल्ली काढली, फॅट काढायच्या मशीनशेजारी ठेवली आणि चालत घरी गेला. भागीचं काय ते पुढं चार माणसांनी मध्ये पडून मिटवलं, गाडी बाबासोकडं राहिली. चोर हा शब्द बाबासोनं उच्चारला नव्हता. पुढची अकरा वर्षं त्यानं स्वतःला तेवढंच एक समजावलं.

पण गावाला शब्द उच्चारायला वेळ लागत नाही. आठवड्यात पिराजीचं नाव 'डिझेल' पडलं. कोल्हापूरकडं एकदा पडलेलं नाव सातबाऱ्यापेक्षा पक्कं. आधी मागून म्हणायचे, मग तोंडावर, मग प्रेमानं. 'डिझेल' या नावाच्या ड्रायव्हरला आपली गाडी द्यायला कुणी धजेना, म्हणून पिराजीनं लायसन ट्रंकेत टाकलं आणि आणखी म्हशी घेतल्या. गावात नव्या आलेल्या सुनांना वाटायचं की हा माणूस कधीकाळी पंपावर कामाला असणार. त्याची नात तेजस्वी शाळेत गेली तर पोरांनी तिलाही विचारलं, तू डिझेलची का? ती घरी येऊन आजोबांना म्हणाली, होय म्हटलं मी.

हे सगळं बाबासोच्या कानावर येत होतं. तो ऐकायचा आणि हातातलं काम करत राहायचा. दरवर्षी पर्युषण संपलं की क्षमावणीचा दिवस येतो. त्या दिवशी जैन माणूस वर्षभरात दुखावलेल्या प्रत्येकाची हात जोडून क्षमा मागतो. पूर्वी त्यासाठी दारोदार हिंडायला लागायचं. आता फोनवर फुलांचं चित्र येतं, खाली लिहिलेलं असतं की जाणता-अजाणता काही चूक झाली असल्यास क्षमा असावी, आणि ते एका बोटानं दोनशे माणसांना जातं. बाबासो ते दरवर्षी पाठवायचा. दोनशेत पिराजीही होता. पाठवलं की बाबासोला वाटायचं, झालं आपलं. उत्तर कधी आलं नाही, आणि त्यानं ते शोधलंही नाही.

पावसाळ्यात त्यानं गाडी उघडायला घेतली. चारी चाकं काढून खाली दगड रचले. स्प्रिंगच्या पाट्यांचे बोल्ट इतके जाम होते की पान्याला पाईप लावून लोंबकळलं तरी हलत नव्हते, उलट बाबासोच हलायचा. त्यानं कुजलेला पत्रा कापला, भावकीतल्या एकाचं वेल्डिंग मशीन आणून नवा पत्रा जोडला आणि वर रेड ऑक्साईड मारलं. वेल्डिंग काही बघण्यासारखं नव्हतं, जागोजागी गोळे झाले होते, पण दुसऱ्यानं केलेलं नसल्यामुळं ते त्याला पसंत पडलं. दाराच्या पोकळीतून मुठी-मुठी गुलाल निघाला, जोतिबाच्या अकरा-बारा यात्रांचा, पाण्यानं घट्ट होऊन बसलेला. बाबासोनं तो झाडून टोपलीत भरला. तो फेकायचा कुठं ते त्याला कळेना, म्हणून तुळशीच्या कट्ट्याखाली ओतला.

लहान सुट्या भागांचा गंज काढायला त्यानं आपली युक्ती वापरली. एकदा गुऱ्हाळावर बिघडलेल्या काकवीच्या पिंपात कुणाचं तरी खोरं पडलं होतं. पंधरा दिवसांनी काढलं तर ते दुकानातून आणल्यासारखं लख्ख. तेव्हापासून ही गोष्ट त्याच्या डोक्यात होती. त्यानं प्लास्टिकचं बॅरल उभं कापलं, करपलेली काकवी आणली, त्यात नऊपट पाणी घातलं आणि कंस, क्लिपा, बिजागऱ्या त्यात बुडवल्या.

राजमती उसळली. चातुर्मास चालू, आणि घरात गोड पाण्याचं उघडं भांडं? मुंग्या, माश्या, चिलटं, किती जीव पडून मरतील? गाडीसाठी एवढं पाप डोक्यावर घ्यायचं असेल तर स्वतःच्या घ्या, माझ्या दारात नको. बाबासोनं हो-ना केलं. शेवटी तिनंच आपलं जुनं सुती लुगडं दुहेरी करून बॅरलवर ताणून बांधलं, भोवती हळदीची जाड रेघ ओढली आणि रोज सकाळी मंदिरातून आली की एकही जीव आत गेला नाही ना हे बघायला लागली. चार दिवसांत काकवी आंबली. वास गल्लीच्या टोकापर्यंत गेला. मगदुमांच्यात हातभट्टी लागली का, असं दोघांनी येऊन हळूच विचारलं, त्यातल्या एकाचा चेहरा आशेनं फुलला होता.

सगळ्यात शेवटी डिझेलची टाकी राहिली. ती हौद्याखाली डाव्या अंगाला, चेसिसला दोन लोखंडी पट्ट्यांनी बांधलेली. इतक्या वर्षांत ती कधी खाली उतरवलेली नव्हती. पट्टे सुटले तसं मागच्या पट्ट्याखालून सायकलच्या ट्यूबचा एक तुकडा बाहेर आला, फुगलेला, चिकट, हातात धरताच लगदा झालेला.

तो तुकडा बाबासोनं लगेच ओळखला. गाडी घेतल्यावर दुसऱ्याच वर्षी त्यानंच तो घातला होता. खड्ड्यात टाकी खडखडायची, ते त्याच्या कानाला सोसत नव्हतं. चालतंय की, कशाला हात लावतोस, असं पिराजी म्हणाला होता. बाबासोनं पट्टा सैल करून ट्यूब कोंबली होती आणि खडखड थांबली होती.

टाकीच्या त्या अंगाला काळ्या चिखलाचा बोटभर थर होता. खरवडला तर तो साधा चिखल नव्हता, डिझेल पिऊन डांबरासारखी झालेली माती होती. बाबासोनं टाकी साबणाच्या पाण्यानं आतून-बाहेरून दोनदा धुतली आणि काकवीत आडवी बुडवली. दहा दिवसांनी लुगडं सोडून ती बाहेर काढली, ब्रश मारला. गंजाचा पापुद्रा सुटला, आणि पट्ट्याच्या खुणेवर, टाकीच्या उंचीच्या बरोबर मध्यावर, चेसिसकडच्या अंगाला एक भोक दिसलं. ज्वारीचा दाणा मावेल एवढं.

तो पर्युषणातला सहावा दिवस होता. बाबासो एकवेळ जेवत होता, ते जेवणही अजून व्हायचं होतं. त्यानं टाकी दोन विटांवर ठेवली आणि बादलीनं गळ्यापर्यंत पाणी भरलं. भोकातून बारीक धार लागली. ती हळूहळू मंद झाली, मग थेंब झाले, मग तेही थांबले. बाबासोनं घरातून कामटी आणली. तीच जुनी, खुणांची. आत बुडवली. टाकी बरोबर अर्धी होती.

त्यानं पुन्हा भरली. पुन्हा अर्धी. तिसऱ्यांदा भरली तेव्हा राजमती येऊन मागं उभी राहिली होती.

समजायला अवघड काही नव्हतं. ट्यूबखाली वाळू आणि पाणी धरून राहिलं, पत्रा घासला, कुजला, भोक पडलं. चालत्या गाडीत हादऱ्यानं डिझेल त्यातून रस्त्यावर जायचं, गाडी थांबल्यावर झिरपायचं तेवढं चिखल प्यायचा. डिझेल भोकाच्या खाली आलं की गळती बंद. पिराजी काठोकाठ भरायचा म्हणून त्याचं जायचं. बाबासो दहा लिटर टाकायचा, ते भोकापर्यंत चढतच नव्हतं. काठी खरंच खोटं बोलली नव्हती. तिला जेवढं विचारलं तेवढं तिनं सांगितलं होतं.

बाबासोला लाज वाटली. साधी, सरळ लाज, कान तापवणारी, लहानपणी दुसऱ्याच्या आंब्याला हात लावताना सापडल्यावर वाटली होती तशी. त्या दिवशी तो जेवायला बसला आणि दोन घासांवर उठला. उपासाच्या दिवसांत पान टाकायचं नसतं, म्हणून उरलेलं राजमतीनं मुकाट म्हशीच्या आंबोणात घातलं.

संध्याकाळी सम्मेदनं टाकी बघितली. त्या वेळी तो शिकायला बाहेरगावी होता, त्याला मागचं काही ठाऊक नव्हतं. एवढंच ना, एम-सील लावा, वरून पत्र्याचा तुकडा मारा, तो म्हणाला आणि मोटारसायकलवरून जाऊन स्वतःच एम-सील घेऊन आला. ती पुडी दोन दिवस खिडकीत पडून होती. लावायला पाच मिनिटं लागली असती. भोक बुजलं असतं, वर रंग बसला असता, आणि आत काय होतं ते जगात दोनच माणसांना माहीत राहिलं असतं. बाबासोनं पुडी दोनदा हातात घेतली, हे राजमतीनं बघितलं. दुसऱ्या वेळी तिनं विचारलं, "क्षमावणीला यंदा बी फोटोच धाडणार हाय काय?"

त्यानं पुडी परत खिडकीत ठेवली. नंतरही ती फोडली नाही.

क्षमावणीच्या दिवशी मंदिरात सगळ्यांनी एकमेकांना हात जोडले. ज्यांनी वर्षात एकमेकांना शब्दानंही दुखावलं नव्हतं त्यांनीही अगदी मनापासून क्षमा मागितली, कारण अशी क्षमा मागायला काही लागत नाही. बाबासो तिथून घरी आला, टाकी पोत्यात गुंडाळून सायकलच्या कॅरिअरला बांधली आणि सायकल ढकलत पिराजीच्या मळ्यावर गेला.

पिराजीची बायको तानाबाई दारात शेंगा फोडत होती. तिनं वर बघितलं, ओळखलं आणि तरीही विचारलं, "कोण पावणं म्हणायचं?" अकरा वर्षांपूर्वी हा माणूस तिच्या चुलीपुढं बसून चहा प्यायचा. बाबासोनं आपलं नाव सांगितलं. ती उठून आत गेली आणि पिराजी बाहेर आला. केस पार पांढरे झाले होते. त्यानं बस म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही.

बाबासोनं पोतं सोडलं, टाकी उभी केली, भोक दाखवलं. ट्यूबचं सांगितलं, काठीचं सांगितलं, पाणी तीनदा भरून बघितल्याचं सांगितलं. यंत्राची गोष्ट असल्यामुळं ती त्याला नीट सांगता आली. मग यंत्राचं संपलं आणि तो अडखळला. हात जोडून म्हणाला की चूक माझी होती, ट्यूबही माझी होती, क्षमा कर.

पिराजी खाली बसला. त्यानं भोकावर करंगळीचं टोक ठेवून बघितलं.

"फोटो येतोय तुझा वर्सावर्साला," तो म्हणाला. "चूक झाली असंल तर, म्हणून. कंची चूक ते एकदा बी लिवलं न्हाईस."

बाबासोनं जोडलेले हात खाली घेतले.

"आन् हे भोक तू मला काय दावतोस? मी चोरलं न्हाय हे मला पयल्या दिसापासनं ठावं हाय की. तवा तुझा काठीवर इस्वास हुता, आता भोकावर हाय. हे भोक घावलं नसतं तर?"

बाबासोकडं उत्तर होतं, पण ते बोलण्यासारखं नव्हतं. भोक सापडलं नसतं तर तो मरेपर्यंत पिराजीला चोरच समजला असता, आणि दरवर्षी फुलांचं चित्र पाठवत राहिला असता. पिराजीला ते दिसलं. त्यानं टाकी उचलून सायकलला टेकवली. माझ्या मनात काही ठेवलेलं नाही, म्हशी सांभाळायच्या का हे सांभाळायचं, असं तो म्हणाला. आत जाता जाता थांबून म्हणाला, "मला एकट्याला सांगून काय हुतंय, बाबासो? तू बोललातास ते गावात."

तानाबाईनं चहा आणला नाही. बाबासो आला तसा परत गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यानं पिकअप सुरू करायला घेतली. टाकी बसवलेलीच नव्हती, म्हणून पाच लिटरचं डिझेलचं कॅन ड्रायव्हरच्या शेजारी दोरीनं आवळलं आणि त्यातून इंजिनच्या पंपापर्यंत प्लास्टिकची नळी ओढली. बॅटरी शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरची. चौथ्या झटक्याला इंजिन खोकलं, काळा धूर सोडला आणि लागलं. दसऱ्याला अजून तीन आठवडे होते. गाडी आपल्या पायानं दारातून बाहेर पडली, फक्त पोट हौद्यात घालून. राजमती लुगड्याचा पदर नाकाला लावून दारात उभी होती. पाण्याच्या दोन बादल्या तिनंच हौद्यात चढवून दिल्या.

दूध संस्थेपुढं नेहमीची गर्दी होती. तिथं माणसं रांगेत उभी राहत नाहीत, किटल्या राहतात. माणसं कट्ट्यावर, खांबाला टेकून गप्पा मारतात, आणि ज्याची किटली मापाला येईल त्याला सेक्रेटरी आदर्श आतून नावानं हाक मारतो. बाबासोनं गाडी उभी केली, टाकी उतरवून कट्ट्यावर ठेवली आणि दोन्ही बादल्या तिच्यात ओतल्या. धार लागली. लोक बघायला लागले. पिराजी टोकाच्या खांबाशी होता.

"अकरा वर्सांमागं हितंच उभा राहून मी बोललोतो," बाबासो म्हणाला. "पिराजीनं भरल्यालं डिझेल अर्धं हुतंय, जातंय कुठं ते त्यालाच ठावं, म्हणून. ते हितनं जात हुतं. ह्या भोकातनं. आन् हे भोक माझ्या हातानं झाल्यालं हाय. पिराजीनं थेंब चोरला न्हाय. मी खोटं बोललो."

मग लोक टाकीभोवती जमले आणि बोलायला लागले. पट्ट्याखाली ट्यूब कधी घालू नये, कॅनव्हासचा पट्टा घालावा, असं एक म्हणाला. दुसऱ्यानं गोकुळ शिरगावच्या एका वेल्डरचं नाव सांगितलं. तिसऱ्याला काकवीनं गंज जातो हे ऐकून इतकं नवल वाटलं की प्रमाण किती, किती दिवस, असं तो खोदून खोदून विचारत राहिला. धार थांबल्यावर दोघांनी वाकून पाणी खरंच अर्ध्यावर आहे का बघितलं आणि माना डोलावल्या. ज्यांनी तेव्हा ऐकलं होतं त्यांच्यातले निम्मे आता हयात नव्हते. उरलेल्यांतल्या एकानं, असं झालं होतं होय, असं म्हणून तंबाखू मळायला घेतली. बाबासो काकवीचं प्रमाण सांगत होता, पण त्याचं लक्ष त्या टोकाच्या खांबाकडं होतं. पिराजीनं सगळं ऐकलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर बरं-वाईट काहीच नव्हतं.

आदर्श सगळं बोलणं आतून ऐकत होता. अकरा वर्षांपूर्वी तो शाळेत होता. या म्हाताऱ्याला डिझेल का म्हणतात हे त्याला आज पहिल्यांदा कळलं. पुढची किटली मापाला आली, तशी त्यानं सवयीप्रमाणं मान वर करून तोंड उघडलं, आणि 'डिझेल' म्हणता म्हणता थांबला. रोज हाक मारत होता, पण या माणसाचं पूर्ण नाव त्याला माहीत नव्हतं. त्यानं सभासदांचं रजिस्टर ओढलं, किटलीवरचा नंबर बघितला, पानावरून बोट खाली नेलं.

"पिराजी केरबा संकपाळ," त्यानं मोठ्यानं वाचलं.

कुणी पुढं आलं नाही. आदर्शनं पुन्हा वाचलं, यावेळी आणखी मोठ्यानं. कट्ट्यावरची माणसं इकडं-तिकडं बघायला लागली. टोकाच्या खांबाला टेकलेल्या पिराजीनंही कोणाला बोलावतायत म्हणून मान वळवली आणि मागं बघितलं.

बाबासो गर्दीतून वाट काढत त्याच्यापाशी गेला.

"पिराजी," तो म्हणाला, "तुलाच बोलावतोय त्यो."